टायटॅनिक पुरे, आता खाणीत उतरा!

डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स लावला असेल, तर तुमचं पहिलं प्रोजेक्ट कोणतं होतं ते मी न विचारताच सांगते. टायटॅनिक! ८९१ प्रवाशांची यादी, कोण वाचलं, कोण बुडालं, फर्स्ट क्लासवाले किती, थर्ड क्लासवाले किती. ते झालं की आयरिसची १५० फुलं. वर्गातल्या प्रत्येकाचं हेच, सीनियर्सचंही हेच. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने तर हे इतक्या वेळा बघितलेलं असतं की तुमच्या सीव्हीवर 'टायटॅनिक' शब्द दिसला की त्याची नजर थेट पुढच्या ओळीवर जाते.

म्हणून आज एका वेगळ्या फाइलची ओळख करून देते. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आणि त्यात दोन लाखांहून जास्त ओळी आहेत. बहुतेक ठिकाणी एक ओळ म्हणजे कामावर असताना खाणीत जखमी झालेला एक माणूस. काही ओळी मेलेल्या माणसांच्या आहेत.

ही फाइल अमेरिकेच्या माइन सेफ्टी अँड हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याची. तिकडे या खात्याला बोलताना 'एमशा' म्हणतात, आपणही तेच म्हणू. मी मास कॉमची, कोडिंग हा माझा प्रांत नाही. पण पिव्होट टेबल मलाही येतं आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. पुढे पायथन, आर, जे काही तुम्ही शिकताय ते आहेच. कॉलेजच्या लॅबमध्ये एसपीएसएस असेल तर अजून सोपं, कारण 'नायॉश' ही तिथली संशोधन संस्था एमशाचा जुना डेटा थेट एसपीएसएसच्या फाइलमध्ये देते.

आधी ही ओळ तयार कशी होते ते बघा. १९७७ मध्ये अमेरिकेत खाण सुरक्षेचा मोठा कायदा झाला. त्याखालच्या नियमानुसार प्रत्येक खाणीला, मग ती कोळशाची असो, सोन्याची असो की रस्त्याकडेची साधी दगडखाण असो, अपघात झाला की कामाच्या दहा दिवसांच्या आत एक फॉर्म भरून पाठवावा लागतो. फॉर्मचा नंबर ७०००-१. शिफ्ट किती वाजता सुरू झाली, अपघात किती वाजता झाला, माणूस तेव्हा काय करत होता, कोणतं यंत्र होतं, शरीराच्या कोणत्या भागाला लागलं, किती दिवस काम बुडालं. अनुभवाच्या तर तीन चौकटी आहेत: खाणकामाचा एकूण अनुभव, या खाणीतला अनुभव आणि या कामाचा अनुभव. शेवटी 'काय झालं ते लिहा' असा रकाना. हे फॉर्म डेन्व्हरच्या ऑफिसात जातात, तिथे प्रत्येक गोष्टीला कोड लागतो आणि आपल्याला मिळते ती एक ओळ.

आता पिव्होट टेबल लावा. खाण म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? स्फोट, पाणी घुसणं, छत कोसळणं. टेबलमध्ये मात्र सगळ्यात वर भलतंच काही येतं. वजन उचलताना, ओढताना, फावड्याने भरताना झालेल्या दुखापती. घसरून किंवा अडखळून पडणं. बोटं आणि पाठ. थोडक्यात, मार्केट यार्डातल्या हमालाला होईल तेच. मग फिल्टर बदला आणि फक्त मृत्यू बघा. यादी पूर्ण पालटते. आता वर येतात डंपर, लोडर, कन्व्हेअर आणि मोठमोठी यंत्रं. म्हणजे 'जास्त वेळा काय होतं' आणि 'माणूस कशाने मरतो' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नुसता एकूण आकडा पाहून पोस्टर छापणारा सेफ्टी ऑफिसर 'वजन नीट उचला' असं छापेल. पोस्टर चुकीचं नाही, पण त्याच्या पाठीमागून डंपर येतोय!

अंश मिळाला, छेद कुठाय?

शाळेतला अपूर्णांक आठवा. 'अ' खाणीत वर्षात १० जखमी, 'ब' खाणीत ४. कुठली खाण धोक्याची? उत्तर द्यायची घाई करू नका. 'अ' मध्ये वर्षभरात सगळ्यांनी मिळून चार लाख तास काम केलं आणि 'ब' मध्ये ऐंशी हजार तास. एमशाचं सूत्र असं: जखमींची संख्या गुणिले दोन लाख, भागिले कामाचे तास. दोन लाख का? शंभर माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे. आता 'अ' चा दर येतो ५ आणि 'ब' चा १०. चार जखमींची खाण दुप्पट धोक्याची निघाली.

हे तास एका वेगळ्या फॉर्मवर येतात, दर तीन महिन्यांनी. त्याची फाइल वेगळी डाउनलोड करायची आणि खाणीच्या नंबरवरून दोन्ही जोडायच्या. एक्सेलमध्ये व्हीलूकअप, पंडाज वापरत असाल तर मर्ज. इथपर्यंत छान चालतं. मग तुम्हाला उत्साह येतो, तुम्ही अनुभवाचा कॉलम घेता, ग्राफ काढता आणि दिसतं की जखमींमध्ये त्या खाणीत नव्याने आलेल्यांची मोठी गर्दी आहे. झालं, निष्कर्ष तयार: नवखे जास्त जखमी होतात!

होतही असतील. पण नवख्यांनी एकूण किती तास काम केलं? ते फाइलमध्ये नाही. तासांच्या फॉर्मवर अनुभवाची चौकटच नाही. खाणीत मुळातच अर्धी माणसं नवी असतील, तर जखमींमध्येही अर्धी नवी दिसणारच. ठेकेदाराच्या कामगारांचं तर अजून अवघड. ते जखमी झाले की कोणत्या खाणीत झाले हे कळतं, पण ठेकेदार आपल्या माणसांचे तास देतो ते खाणीनुसार वेगळे करून देत नाही. म्हणजे अंश आहे आणि छेद गायब. सॉफ्टवेअर यातलं काहीच तुम्हाला सांगत नाही. तुम्ही सांगाल तो ग्राफ ते निमूटपणे काढून देतं, रंगीत.

एक आकडा मात्र बघून मी थोडा वेळ थांबले. ६०००. अपघात किती गंभीर होता हे मोजायला बुडालेले दिवस मोजतात. हात मोडला, ४० दिवस घरी, तर ४०. पण माणूस मेला तर किती दिवस बुडाले? हिशोबाला काहीतरी आकडा हवा, म्हणून तो ठरवून टाकलाय: मृत्यू म्हणजे ६००० दिवस. वर्षाचे ३०० कामाचे दिवस, गुणिले उरलेली २० वर्षं. हे फक्त अमेरिकेचं नाही बरं का. कारखान्यांमधल्या दुखापती मोजायच्या आपल्या भारतीय मानकातही, आयएस ३७८६ मध्ये, मृत्यूला ६००० च दिवस धरतात. क्रूर वाटतं. पण हा आकडा नसता तर मृत्यूच्या ओळीत शून्य दिवस आले असते, कारण मेलेला माणूस रजा टाकत नाही. सरासरी काढणाऱ्या कॉम्प्युटरला तो अपघात मग बोट कापण्यापेक्षाही हलका वाटला असता.

बॅक, रिब, फेस

आता त्या शेवटच्या रकान्याकडे या, जिथे काय झालं ते शब्दांत लिहिलेलं असतं. टेक्स्ट मायनिंग शिकणाऱ्यांसाठी ही खरी मेजवानी आहे. (टेक्स्ट 'मायनिंग', खाणीच्या डेटावर. हा विनोद तुमच्या आधी सगळ्यांनी केलाय, सोडून द्या.)

तीन-चार ओळींचं वर्णन, बहुतेक वेळा घाईत लिहिलेलं. एम्प्लॉयी हा शब्द पूर्ण लिहायचा कंटाळा, म्हणून नुसतं 'ईई'. स्पेलिंगचा खेळखंडोबा. एकाच यंत्राला तीन खाणींत तीन नावं. इथपर्यंत आपण समजू शकतो, व्हॉट्सअ‍ॅपवर आपणही तेच करतो. खरी गंमत पुढे आहे.

समजा तुम्हाला पाठीच्या दुखापती शोधायच्या आहेत. तुम्ही 'बॅक' हा शब्द सर्च केलात. हजारो ओळी आल्या. त्यात काही पाठीच्या. काहींत माणूस नुसता 'बॅक' गेलाय, म्हणजे मागे सरकलाय. आणि काहींत 'बॅक' कोसळलंय! कारण धातूच्या खाणीत छताला 'बॅक' म्हणतात. बरं, 'रिब' शोधा. बरगडी? हो. पण खाणीत बोगद्याच्या बाजूच्या भिंतीलाही 'रिब' म्हणतात. 'फेस' म्हणजे चेहरा, आणि जिथे प्रत्यक्ष खणायचं काम चालू असतं तो खाणीचा पुढचा भागही 'फेस'च. म्हणजे 'रिब'चा तुकडा पडून कामगाराची 'रिब' मोडली, हे वाक्य अगदी बरोबर आहे, आणि तुमच्या प्रोग्रॅमला त्यात एकाच गोष्टीचा दोनदा उल्लेख दिसतो.

खाणीत कधीही न उतरलेल्या माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम इथे हमखास आपटतो. म्हणून जे लोक हे काम गंभीरपणे करतात ते आधी माणसांकडून काही हजार वर्णनं वाचून घेतात, हाताने कोड लावून घेतात, आणि मग त्यावरून मशीनला शिकवतात. आपल्याकडे आयआयटी खरगपूरमध्ये सेफ्टी इंजिनिअरिंग आणि अ‍ॅनालिटिक्सचं स्वतंत्र केंद्र आहे, तिथेही अपघातांच्या लिखित अहवालांवर असं काम चालतं. मेकॅनिकल, मायनिंग, कॉम्प्युटर, आणि हो, भाषा! चारही लागतात.

एवढी मेहनत कशासाठी, असं वाटत असेल तर 'कंटिन्युअस मायनर' या यंत्राची गोष्ट ऐका. कोळशाच्या भूमिगत खाणीतलं हे बसकं, लांबलचक, अवजड धूड. पुढे दातेरी ड्रम, तो फिरत फिरत कोळसा खरवडतो. चालवणारा यंत्रावर बसत नाही. बाजूला उभा राहून हातातल्या रिमोटने ते चालवतो. जागा अरुंद, उजेड टोपीवरच्या दिव्याचा. यंत्र वळवताना त्याची शेपटी फिरते आणि माणूस भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये चिरडला जातो.

एखाद्या खाणीत असा अपघात दहा-वीस वर्षांत एकदा होतो. तिथल्या मॅनेजरला विचाराल तर तो म्हणेल, बिचारा चुकीच्या जागी उभा राहिला. त्याच्या दृष्टीने ते खरंही असतं, त्याने एकच पाहिलाय. पण देशभरातल्या सगळ्या खाणींच्या ओळी एकाखाली एक लावल्या की दिसतं, १९८४ पासूनच्या तीस वर्षांत तीसहून जास्त माणसं याच यंत्राखाली, जवळपास याच पद्धतीने गेली. तीस माणसं तीस वेगवेगळ्या ठिकाणी 'चुकीच्या जागी' उभी राहत असतील, तर जागेचं किंवा यंत्राचंच काहीतरी चुकतंय. जानेवारी २०१५ मध्ये एमशाने नियम केला: अशा यंत्रांवर माणूस फार जवळ आला की यंत्र आपोआप थांबवणारी यंत्रणा बसवायची. कामगाराच्या अंगावर एक छोटं उपकरण असतं, यंत्राला ते जाणवतं आणि यंत्र थांबतं. त्या ओळी एकत्र आल्या नसत्या तर हा नियम आला असता का, मला शंका आहे.

जी ओळ आलीच नाही

आता उलट बाजू. ५ एप्रिल २०१०, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं माँटकोल. मॅसी एनर्जी कंपनीची अप्पर बिग ब्रँच ही कोळशाची भूमिगत खाण. दुपारी तीनच्या सुमाराला मिथेन पेटला, त्याने कोळशाची साठलेली धूळ पेटवली आणि स्फोट बोगद्यांमधून पसरत गेला. २९ जण मेले.

या खाणीत वारंवार नियम मोडले जात होते. अशा खाणी वेगळ्या काढून त्यांना 'सुधारा, नाहीतर काम बंद' अशी ताकीद द्यायची सोय कायद्यात होती. ही चाळणी एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम लावायचा. स्फोटानंतर थोड्याच दिवसांत एमशाला कबूल करावं लागलं की २००९ च्या चाळणीत प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे या खाणीच्या काही नोंदी मोजल्याच गेल्या नाहीत, आणि म्हणून ती ताकिदीच्या यादीत आली नाही. कोडमधली एक चूक. असाइनमेंटमध्ये आपण अशा चुका रोज करतो आणि फार तर दोन मार्क जातात. ताकीद गेली असती तर स्फोट टळला असता असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण ताकीद गेली नाही, एवढं नक्की.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. पुढे चौकशीत दिसलं की कंपनी दोन प्रकारच्या वह्या ठेवत होती. सरकारी तपासनीसांना दाखवायच्या वहीत सगळं ठीक, आणि उत्पादनाच्या अंतर्गत वहीत धोक्यांच्या नोंदी. २००९ या वर्षात खाणीत झालेले अपघात कंपनीने कळवलेल्यांच्या दुप्पट होते, असंही तपासणीत निघालं. म्हणजे प्रोग्रॅम अगदी बिनचूक चालला असता तरी त्याला निम्मेच अपघात दिसले असते! कंपनीचे तेव्हाचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांना सुरक्षेचे नियम मोडण्याच्या कटाबद्दल २०१५ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं आणि एक वर्षाची कैद झाली.

नोंद न होण्याचा हा प्रकार जुनाच आहे. त्याच राज्यातल्या मोनोंगा गावात ६ डिसेंबर १९०७ ला स्फोट झाला, तो अमेरिकेतला सगळ्यात मोठा खाण अपघात. अधिकृत मृत ३६२. खरा आकडा त्याहून जास्त मानला जातो, कारण मोजले ते कंपनीच्या यादीतले. तेव्हा कामगार आपल्याबरोबर मदतीला मुलं, नातेवाईक घेऊन उतरायचे, त्यांची नावं कुठेच नव्हती. त्या एका वर्षात अमेरिकेच्या कोळसा खाणींत ३२४२ माणसं मेली. आज तिथे वर्षाला साधारण दहा-बारा जातात, कधी त्याहूनही कमी. (छेद विसरू नका. तेव्हा कोळसा खाणींत सहा लाखांवर माणसं होती, आज लाखाच्याही आत आहेत. तरी दर प्रचंड उतरलाय.)

अप्पर बिग ब्रँचनंतर एमशाने एक चांगली गोष्ट केली. चाळणीचा तो हिशोब २०११ मध्ये ऑनलाइन सगळ्यांसाठी खुला केला. खाणीचा नंबर टाका आणि ती खाण निकषांमध्ये कुठे बसते ते बघा. कामगाराची बायको बघू शकते, पत्रकार बघू शकतो, पुण्यात बसून तुम्हीही बघू शकता.

मग आपल्याकडे? खाण अपघात म्हटलं की आईबाबांच्या पिढीला 'काला पत्थर' आठवतो. त्यामागचा खरा अपघात धनबादजवळच्या चासनाळ्याचा, २७ डिसेंबर १९७५, खाणीत पाणी घुसून ३७५ जण गेले. पण इतक्या लांब जायलाच नको. चंद्रपूर, वणी, उमरेड, सावनेर इथल्या कोळसा खाणी आपल्याच राज्यात आहेत, वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरात आहे. हा लेख वाचणाऱ्या कोणाचे तरी बाबा किंवा काका आज सेकंड शिफ्टला खाली उतरतील.

आपल्याकडे खाण सुरक्षेचं काम डीजीएमएस, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय बघतं, मुख्यालय धनबादला. त्यांच्या वार्षिक आकडेवारीत तक्ते असतात, जीवघेण्या अपघातांची थोडक्यात वर्णनं असतात. प्रोजेक्टसाठी हाही उत्तम कच्चा माल आहे. फक्त अमेरिकेच्या आकड्यांशेजारी तो मांडून 'आपण पुढे की मागे' असला स्लाइड करू नका. आपला दर हजार कामगारांमागे काढतात, त्यांचा तासांवर. शिवाय १९५२ च्या खाण कायद्याच्या व्याख्येत साधी दुखापत 'कळवण्याजोगी' कधी ठरायची, तर माणूस ७२ तास किंवा जास्त काम करू शकला नाही तर. तिकडे प्रथमोपचारापलीकडे डॉक्टरची गरज पडली तरी फॉर्म भरावा लागतो. अंगठा फाटला, चार टाके पडले, दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा कामावर: अमेरिकेत ओळ तयार होते, इथे नाही.

आणि शब्दांचं काय, तर इथेही तेच. कोळसापट्ट्यातल्या हिंदीत खाणीच्या छताला 'चाल' म्हणतात. 'चाल धंसने से मजदूर की मौत' अशा बातम्या तुम्ही हिंदी पेपरात वाचल्या असतील. आपल्याला चाल म्हटलं की गाण्याची आठवते, नाहीतर बुद्धिबळातली. मराठी-हिंदी बातम्या गोळा करून कोणी अपघातांची यादी बनवायला घेतली, तर या एका शब्दावर अर्धा दिवस जाईल. बनवायला घ्या मात्र. जिल्हा, तारीख, खाण उघडी की भूमिगत, कामगार कायम की ठेक्यावरचा, आणि काय झालं. पाच कॉलम पुरेत.

एमशाची फाइल हवी असेल तर तिच्याबरोबर कॉलमचा अर्थ सांगणारी दुसरी छोटी फाइल असते, तीही घ्या आणि आधी ती वाचा. मुख्य फाइलमध्ये कॉलम स्वल्पविरामाने नाही, उभ्या रेघेने वेगळे केलेत, एक्सेलला ते उघडतानाच सांगावं लागतं. जुना लॅपटॉप असेल तर थोडा वेळ धापा टाकेल. तोवर चहा ठेवा.